पहिलं महायुद्ध: ते का पेटलं, आणि पेटल्यावर चार वर्षं का विझलं नाही?

पानगळ (धागाकर्ती)

पहिल्या महायुद्धाच्या कारणांची यादी आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाठ केली आहे. साम्राज्यवाद, लष्करवाद, आक्रमक राष्ट्रवाद, गुप्त करार, आणि सगळ्यात शेवटी ‘तात्कालिक कारण’ म्हणून साराजेव्होत झालेला ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांडचा खून. यादीतलं एकही कारण खोटं नाही. तरीही ती यादी उत्तर म्हणून मला पुरत नाही, कारण यातलं जवळपास सगळं १९०५ मध्येही होतं, १९०८ मध्येही होतं आणि १९११ मध्येही. मोरोक्कोवरून जर्मनी आणि फ्रान्स दोनदा भिडायच्या बेतात आले. ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्निया गिळला तेव्हा रशियाचा जळफळाट झाला. १९१२-१३ मध्ये बाल्कनमध्ये लागोपाठ दोन युद्धं झाली. प्रत्येक वेळी महासत्ता काठावरून मागे फिरल्या. मग १९१४ मध्येच का नाही फिरल्या?

म्हणून मी गेले काही महिने फक्त २८ जून ते ४ ऑगस्ट १९१४ एवढाच काळ तारखेवार वाचते आहे. पहिली गोष्ट जाणवली ती अशी की खुनानंतर जवळपास महिनाभर वरवर काहीच घडत नाही. ५ आणि ६ जुलैला जर्मनीने व्हिएन्नाला ‘तुम्ही सर्बियाचं काय ते करा, आम्ही पाठीशी आहोत’ असं वचन दिलं. त्यानंतर जर्मनीचा सम्राट विल्हेल्म कैसर नॉर्वेच्या सागरी सफरीवर निघून गेला. हंगेरीचा पंतप्रधान टिसा जुलैच्या मध्यापर्यंत युद्धाला तयार नव्हता. बरेच सैनिक सुगीच्या रजेवर होते. शिवाय फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष प्वांकारे २० ते २३ जुलै रशियाच्या राजधानीत पाहुणे होते. तिथे बसून दोघांनी एकत्र उत्तर ठरवू नये, म्हणून ते निघाल्यावरच सर्बियाला निर्वाणीचा खलिता द्यायचा असं व्हिएन्नाने ठरवलं. २३ जुलैला संध्याकाळी सहा वाजता तो दिला आणि मुदत ठेवली ४८ तास.

सर्बियाने बहुतेक मागण्या मान्य केल्या. ऑस्ट्रियाचे अधिकारी सर्बियाच्या भूमीवर खुनाच्या न्यायालयीन चौकशीत भाग घेतील, ही मात्र नाकारली. २८ जुलैला सकाळी कैसरने ते उत्तर वाचलं आणि आता युद्धाचं कारणच उरलं नाही, असा शेरा मारला. त्याच दिवशी व्हिएन्नाने युद्ध पुकारलं. ऑस्ट्रियाचा सेनाप्रमुख कॉनराड सांगत होता की १२ ऑगस्टच्या आसपासपर्यंत मी हल्लाच करू शकत नाही. म्हणजे सैन्य तयार नसताना युद्ध जाहीर झालं, आणि ते एवढ्यासाठी की कोणी मध्यस्थीला येण्याची वाट बंद व्हावी.

हे वाचल्यावर ‘गवताच्या गंजीवर ठिणगी पडली’ ही नेहमीची उपमा मला पटेनाशी झाली. ठिणगी आपोआप पडते. इथे पाच राजधान्यांमध्ये माणसं विचार करून, पर्याय समोर असताना, एकेक निर्णय घेत होती.

माझं म्हणणं थोडक्यात असं. युद्ध शक्य का झालं, ते त्या जुलैमध्येच का झालं आणि सुरू झाल्यावर थांबलं का नाही, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पाठ्यपुस्तकं पहिल्याचं उत्तर देतात आणि तिन्हींचं दिलं असं समजतात. तिसरा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. ज्या कारणांसाठी देश युद्धात उतरले, त्या कारणांसाठी ते १९१६ मध्ये लढत नव्हते. युद्ध चालता चालता स्वतःची नवी कारणं तयार करत गेलं. जाणकारांनी यावर लिहावं.

रूळ आणि सिग्नल

उत्तम धागा. जुलैच्या शेवटच्या आठवड्याबद्दल एक भर घालतो, कारण तिथे राजकारण्यांच्या हातातली सूत्रं वेळापत्रकाच्या हातात गेली.

रशियाला आधी फक्त ऑस्ट्रियाविरुद्ध अंशतः सैन्य जमवायचं होतं. सेनाधिकाऱ्यांनी सांगितलं की तशी योजनाच तयार नाही, आणि अर्धवट जमवाजमव केली तर नंतर पूर्ण जमवाजमव करताना रेल्वेचा बोजवारा उडेल. २९ जुलैच्या संध्याकाळी पूर्ण जमवाजमवीचा हुकूम निघत होता. तेवढ्यात कैसरची तार आली आणि झारने तो थांबवला. ३० तारखेला दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्हने झारचं मन वळवलं आणि हुकूम गेला.

जर्मनीचं दुखणं याहून खोल. दोन आघाड्यांवर लढावं लागेल हे गृहीत धरून त्यांनी आधी फ्रान्सला सहा आठवड्यांत लोळवायचं आणि मग गाड्या भरून रशियाकडे वळायचं असं ठरवलं होतं. त्यासाठी बेल्जियममधून जाणं भाग, आणि बेल्जियममध्ये शिरायचं तर लिएजचे किल्ले पहिल्या काही दिवसांतच घ्यायला हवेत. इतर देश जमवाजमव करून थांबू शकत होते, जर्मनी थांबू शकत नव्हता. त्यांच्या योजनेत जमवाजमव आणि आक्रमण यांच्यात जागाच नव्हती.

१ ऑगस्टचा प्रसंग तर मुद्दाम वाचावा असा आहे. लंडनहून आलेल्या तारेचा अर्थ बर्लिनने असा लावला की ब्रिटन फ्रान्सला तटस्थ ठेवील. कैसर आनंदाने म्हणाला, मग सगळं सैन्य पूर्वेकडे वळवा. सेनाप्रमुख मोल्टके म्हणाला, शक्य नाही. केवळ पूर्वेकडे सैन्य पाठवण्याची पर्यायी योजना दरवर्षी अद्ययावत करण्याचं काम १९१३ मध्येच बंद केलं होतं. युरोपातल्या सगळ्यात बलाढ्य सेनेपाशी त्या दिवशी एकच योजना होती.

चिकित्सक

लेख आवडला, पण एका बाबतीत असहमत.

‘पाच राजधान्यांमध्ये निर्णय घेतले गेले’ असं म्हटलं की जबाबदारी पाच जणांत सारखी वाटली जाते. ती सारखी नव्हती. बर्लिनचं वचन नसतं तर व्हिएन्नाने हे धाडस केलं नसतं. २६ जुलैला ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ग्रे यांनी चार देशांच्या परिषदेचा प्रस्ताव मांडला, तो बर्लिनने धुडकावला. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या करारात प्रशियानेही दिली होती, आणि त्याच बेल्जियममध्ये ४ ऑगस्टला जर्मन फौजा घुसल्या. ज्याच्याशी भांडण नाही अशा देशावर हल्ला करणं ही वेळापत्रकाची सक्ती म्हणता येत नाही. ते वेळापत्रक कोणीतरी आखलं होतं, कोणीतरी मंजूर केलं होतं.

१९६१ मध्ये हॅम्बुर्गचे इतिहासकार फ्रिट्झ फिशर यांनी ९ सप्टेंबर १९१४ च्या एका कागदाकडे लक्ष वेधलं. चॅन्सेलर बेथमान होल्वेगच्या कार्यालयात तयार झालेला तो मसुदा. त्यात बेल्जियमला मांडलिक करणं, फ्रान्सची ब्रिए भागातली लोहखनिजं घेणं, मध्य युरोपाचा आर्थिक संघ जर्मनीच्या वर्चस्वाखाली आणणं, असं सगळं आहे. युद्ध सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. या मांडणीवरून जर्मनीत तेव्हा केवढं वादळ उठलं! बचावाचं युद्ध लढलो, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली होती.

पानगळ

रूळ आणि सिग्नल, १ ऑगस्टच्या प्रसंगाबद्दल मनापासून आभार.

चिकित्सक, बर्लिन आणि व्हिएन्नावर जास्त भार जातो याच्याशी मी सहमत आहे. सारखी वाटणी मलाही मान्य नाही. पण दोन गोष्टी जोडते.

एक, सर्बियाची बाजू तितकी स्वच्छ नाही. खुनाचा कट रचणाऱ्या मुलांना पिस्तुलं आणि बॉम्ब बेलग्रेडमध्ये मिळाले. सीमेवर त्यांना सर्बियाच्याच अधिकाऱ्यांनी पलीकडे पोचवलं. ‘काळा हात’ संघटनेचा म्होरक्या दिमित्रियेविच हा सर्बियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याचा प्रमुख होता. चौकशीची मागणी नुसतं निमित्त नव्हती.

दुसरी गोष्ट कागदपत्रांबद्दल, आणि अभ्यास करणाऱ्याने इथे फार सावध राहावं असं मला कळकळीने वाटतं. युद्ध सुरू झाल्यावर काही महिन्यांतच प्रत्येक देशाने आपापला पत्रव्यवहार छापला. जर्मनीचं श्वेतपुस्तक, रशियाचं नारिंगी, फ्रान्सचं पिवळं, ऑस्ट्रियाचं लाल. सगळी निवडक, आणि काही ठिकाणी चक्क फिरवलेली. फ्रेंच पुस्तकात रशियाच्या जमवाजमवीबद्दलची राजदूताची त्रोटक तार वाढवून, म्हणजे दोष ऑस्ट्रिया-जर्मनीवर जाईल अशा बेताने, छापली होती. पुढे १९२२ ते १९२७ मध्ये जर्मन परराष्ट्रखात्याने १८७१ पासूनच्या कागदपत्रांचा चाळीस खंडांचा संग्रह काढला. तो फार मोलाचा आहे, पण व्हर्सायच्या तहातलं कलम २३१ (युद्धाची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या साथीदारांवर टाकणारं) खोटं पाडायचं या हेतूने ते खातं तेव्हा झटत होतं, हे विसरून तो वाचता येत नाही. त्या काळात ज्याने आधी आणि जास्त कागद छापले, त्याची मांडणी पुढची कित्येक वर्षं जगभर चालली.

सप्टेंबरच्या मसुद्याबद्दल म्हणाल तर तो माझ्या तिसऱ्या प्रश्नाला फार उपयोगी पडतो. जुलैमध्ये असा कागद कोणी लिहिला नव्हता. विजय हाताशी आला असं वाटताच लिहिला.

पहाटवारा

वाखुसा (वाचनखूण साठवली). मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. कारणांबद्दल एवढं वाचून डोळे उघडले. पण युद्धाचा पुढचा प्रवास वाचायला घेतला की मी लढायांच्या नावांत हरवतो. मार्न, ईप्र, गॅलिपोली, व्हर्दां, सोम... प्रत्येक लढाई सुटी सुटी लक्षात राहते आणि परीक्षेनंतर विसरते. हे एकमेकांशी जोडून कसं वाचावं?

रूळ आणि सिग्नल

पहाटवारा, रेल्वे धरून वाचा, बरंच सुटतं. पुन्हा माझाच विषय काढतो आहे, पण कारण आहे.

ऑगस्टमध्ये जर्मन गाड्या कोलोनच्या पुलावरून साधारण दर दहा मिनिटांनी एक, अशा धावत होत्या. बेल्जियमच्या पुढे मात्र रूळ उखडलेले, बोगदे उडवलेले. तिथून पुढे सैनिक पायी, तोफा घोड्यांवर. उजव्या टोकाची सेना महिनाभर रोज चालत राहिली आणि मार्न नदीपर्यंत पोचली तेव्हा थकून गेली होती, रसद मागे राहिली होती. त्याच वेळी फ्रान्सचा सेनापती झॉफ्र आपल्या उजव्या बाजूच्या तुकड्या आपल्याच शाबूत रेल्वेने पॅरिसकडे आणत होता. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जर्मन फौज मार्नवरून मागे हटली.

पुढची साडेतीन वर्षं पश्चिम आघाडी याच नियमाने चालली. हल्ला करणारा खंदकाची पहिली रांग घेतो, कधी दुसरीही. पण आपल्याच तोफांनी नांगरून काढलेल्या चिखलातून तो पायी पुढे सरकतो, आणि भगदाड बुजवणारा मागून गाडीने येतो. खंदक, काटेरी तारा आणि मशीनगन यांच्याबद्दल सगळे बोलतात. भगदाड पडूनही ते रुंद का होत नव्हतं, याचं उत्तर पाठीमागच्या रुळांवर आहे.

पानगळ

पहाटवारा, मी आणखी एक सुचवेन: लढाई घेऊ नका, वर्ष घ्या. १९१६ घेऊन बघा.

डिसेंबर १९१५ मध्ये मित्रराष्ट्रांचे (ब्रिटन, फ्रान्स, रशिया वगैरे) सेनानी शांतियी इथे जमले. पुढच्या वर्षी सगळ्या आघाड्यांवर एकाच सुमारास हल्ला करायचा, म्हणजे जर्मनीला इकडचं सैन्य तिकडे नेता येणार नाही, असं ठरलं. पण २१ फेब्रुवारी १९१६ ला जर्मनीनेच आधी व्हर्दांवर घाव घातला. फ्रान्सच्या एकामागून एक तुकड्या तिथे खर्ची पडू लागल्या. त्यामुळे सोम नदीवरचा हल्ला, जो मुख्यतः फ्रेंचांचा व्हायचा होता, तो मुख्यतः ब्रिटिशांचा झाला, आणि त्यांचे बरेचसे सैनिक नव्याने भरती झालेले स्वयंसेवक होते. १ जुलैला, एका दिवसात, ५७,४७० ब्रिटिश सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्यातले १९,२४० मेले. एक आठवडा तोफा धडधडत होत्या. तरी खोल खणलेले जर्मन तळघर-खंदक टिकले आणि काटेरी तारा बऱ्याच ठिकाणी तशाच उभ्या राहिल्या.

त्याआधी ४ जूनला रशियाच्या ब्रुसिलोव्हने ऑस्ट्रियाची फळी फोडली. ऑस्ट्रियाला सावरायला जर्मनीला पश्चिमेकडून तुकड्या काढाव्या लागल्या. रशियाची सरशी पाहून ऑगस्टच्या शेवटी रुमानिया मित्रराष्ट्रांकडून उतरला आणि डिसेंबरमध्ये बुखारेस्ट पडलं. व्हर्दां, सोम, ब्रुसिलोव्ह, रुमानिया ही चार प्रकरणं नाहीत, एकच प्रकरण आहे.

एवढं रक्त सांडल्यावर त्या डिसेंबरात जर्मनीने शांततेची भाषा केली. अटी मात्र सांगितल्या नाहीत. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी दोन्ही बाजूंना विचारलं, तुम्ही नेमकं कशासाठी लढता आहात? तोवर दोन्हीकडच्या मनातल्या अटी इतक्या वाढल्या होत्या की त्या जुळणं अशक्य होतं. इटलीला १९१५ च्या लंडनच्या गुप्त करारात ऑस्ट्रियाचे प्रदेश कबूल केले होते. रशियाला कॉन्स्टँटिनोपल कबूल केलं होतं. अरब प्रदेश ब्रिटन आणि फ्रान्सने कागदावर वाटून घेतले होते. जुलै १९१४ मध्ये यातली एकही गोष्ट युद्धाचं कारण नव्हती. आणि एवढी माणसं गमावल्यावर ‘जैसे थे’ तह कोणतं सरकार आपल्या लोकांपुढे घेऊन जाणार होतं?

नकाशावेडी

पानगळताई, तुमच्या ‘युद्ध स्वतःची कारणं तयार करतं’ या म्हणण्याला मेसोपोटेमियाइतकं (आजचा इराक, तेव्हा जर्मनीच्या बाजूने लढणाऱ्या तुर्कस्तानच्या ताब्यातला) नेमकं उदाहरण नाही. महायुद्ध म्हणजे फक्त फ्रान्समधले खंदक, ही समजूतही त्याने मोडते.

नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानातून पाठवलेली ब्रिटिशांची फौज आखाताच्या मुखाशी फाव इथे उतरली. उद्देश मर्यादित होता: आबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि इराणच्या आखातातलं वर्चस्व सांभाळणं. २२ नोव्हेंबरला बसरा हातात आलं, काम झालं. पण बसरा सांभाळायचं तर आणखी थोडं वर जायला हवं, तिथे पोचल्यावर आणखी वर. जून १९१५ मध्ये अमारा, सप्टेंबरमध्ये कुत. नदीवर पुरेशा बोटी नाहीत, इस्पितळाची सोय तुटपुंजी. तरी ऑक्टोबरमध्ये बगदादवर चालून जायची परवानगी मिळाली. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेत हात पोळले होते, तेव्हा पूर्वेत कुठेतरी एक विजय दाखवणं लंडनला हवं होतं. तेल केव्हाच मागे पडलं होतं.

जनरल टाऊनशेंडची सहावी पूना डिव्हिजन बगदादच्या अलीकडे टेसिफोनला अडली, मोठी हानी सोसून कुतला परतली आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तिच्यात १०३वी आणि ११०वी मराठा पलटण होती. सोडवायला आलेल्या फौजेचे सुमारे २३,००० सैनिक मृत-जखमी झाले, म्हणजे आत अडकलेल्यांपेक्षा जास्त. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने शरणागती झाली. सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली. वाळवंटातल्या पायपिटीत आणि पुढे रेल्वेच्या वेठबिगारीत त्यांतली हजारो परत आली नाहीत. सेनापती मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला. हे वाचताना आजही संताप होतो.

याचा धागा पुढे कुठे जातो पाहा. या मोहिमेच्या चौकशी आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये आला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी माँटेग्यू आले आणि २० ऑगस्ट १९१७ ला त्यांनी हिंदुस्थानात टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती आणण्याची घोषणा केली. तिची तयारी आधीपासून चालू होती आणि मागणीही जोर धरत होती. पण ती ज्या महिन्यात आणि ज्या माणसाच्या तोंडून झाली, त्यामागे कुतचा पराभव आहे.

दर्यावर्दी

+१ नकाशावेडी.

समुद्राबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडंसं. ब्रिटनच्या नाकेबंदीने जर्मनीला चिलीहून येणारं सोरामीठ बंद झालं. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवायची हाबर-बॉश पद्धत हाताशी नसती, तर दारूगोळ्यासाठी नायट्रेट कुठून आणायचं हा प्रश्न लवकरच उभा राहिला असता. सोरामिठाची वाट अशी काढली, अन्नाची काढता आली नाही. १९१६-१७ च्या हिवाळ्यात बटाट्याचं पीक बुडालं आणि लोकांनी गुरांना घालायचे सलगम खाऊन दिवस काढले.

याच दडपणाखाली ९ जानेवारी १९१७ ला निर्बंधरहित पाणबुडीयुद्धाचा निर्णय झाला. नौदलाचा हिशेब असा: महिन्याला सहा लाख टन जहाजं बुडवली की पाच महिन्यांत ब्रिटन गुडघे टेकेल, अमेरिका उतरली तरी तिचं सैन्य पोचायच्या आत. एप्रिलमध्ये त्यांनी साडेआठ लाख टनांहून अधिक बुडवलंही. म्हणजे आकडा त्यांनी गाठला, तरी ब्रिटन शरण आलं नाही. जहाजं ताफ्याने जाऊ लागली, धान्याची आखणी सुधारली. आणि ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली होती.

पहाटवारा

खूप आभार. मग १९१८ मध्ये ते थांबलं कसं? ११ नोव्हेंबरला जर्मन सैन्य अजून फ्रान्स-बेल्जियममध्येच होतं ना?

चिकित्सक

होतं, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मार्च १९१८ मध्ये रशियाशी ब्रेस्त-लिटोव्हस्कचा तह झाला आणि रशिया युद्धातून बाहेर पडला. २१ मार्चपासून जर्मनीने पश्चिमेत सर्वस्व पणाला लावलं. मैलोनमैल मुलूख मिळाला, पण उत्तम तुकड्या संपल्या. ८ ऑगस्टला आमिएँपाशी मित्रराष्ट्रांनी रणगाडे, विमानं आणि तोफा एकत्र वापरून फळी फोडली आणि हजारो जर्मन सैनिक शरण आले. पण शेवटचा धक्का बसला भलतीकडे. सप्टेंबरच्या मध्यावर मॅसेडोनियात जर्मनीचा साथीदार बल्गेरियाची फळी कोसळली आणि २९ सप्टेंबरला बल्गेरियाने शस्त्रसंधी केली. त्याच दिवशी जर्मन सेनापती लुडेनडॉर्फ आणि हिंडेनबुर्ग यांनी कैसरला सांगितलं की ताबडतोब शस्त्रसंधी मागा.

मागणी सेनापतींची. पण ती करायला पुढे केलं नव्या, संसदेला जबाबदार असलेल्या सरकारला. कोंपिएन्यच्या जंगलातल्या रेल्वेडब्यात जर्मन शिष्टमंडळाचं नेतृत्व करायला एर्झबेर्गर हा मुलकी मंत्री गेला. पराभवाच्या कागदावर ना हिंडेनबुर्गची सही आहे, ना लुडेनडॉर्फची. पुढे दोघांनीही सैन्य हरलं नव्हतं, घरच्यांनी पाठीत खंजीर खुपसला, असंच लोकांना सांगितलं. १९२१ मध्ये अतिरेकी राष्ट्रवाद्यांनी एर्झबेर्गरला गोळ्या घातल्या.

पानगळ

चिकित्सक, २९ सप्टेंबर एकाच दिवशी दोन्हीकडे, हे असं शेजारी ठेवून मी कधी पाहिलं नव्हतं. पश्चिम आघाडीच्या वाचनात मॅसेडोनिया दोन ओळींत संपतो. १९१५ पासून मित्रराष्ट्रांची तिथली फौज ग्रीसमधल्या सालोनिकात मलेरियाने बेजार होऊन बसून होती, आणि तिला परत बोलवावं की नाही यावर लंडन आणि पॅरिस भांडत होते. त्या आघाडीवर कोणाचं सविस्तर वाचन असेल तर कृपया याच धाग्यावर लिहा. आणि पहाटवारा, तुम्ही १९१६ जोडून वाचलंत की काय हाती लागलं ते इथे जरूर सांगा.